दोन स्वल्पविराम

गुरुवारी संध्याकाळी सहाला
ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
रेडिएटरला खेटून सात खुर्च्या.
मासळीच्या कारखान्यातून थेट येणारे हात
लिंबाने घासलेले असतात, तरी हॅडकचा वास
वहीच्या कडांना राहतोच.
मी ग्लेनिस. एकवीस वर्षं गोदीच्या कचेरीत
पेट्या मोजल्या. आता वाक्यं तपासते.

आज फळ्यावर प्रश्न.
सांगते : विधान सरळ चालतं.
विचारायचं झालं की मदतनीस क्रियापद
कर्त्याला ओलांडून पुढे उभं राहतं.
मदतीला कुणीच नसेल तर 'डिड'ला बोलवायचं.
हा डिड म्हणजे कानामागून आला आणि तिखट झाला;
सगळा भूतकाळ स्वतःच्या खिशात घालतो,
मागे मूळ क्रियापद राहतं
अंगावर काळाचा धागाही नसलेलं.

रेबवार फ्रीमन स्ट्रीटवर केस कापतो.
म्हणतो, "मग 'हू सॉ यू'मधला डिड गेला कुठे?"
तिथे तो लागत नाही.
'कोण' हाच कर्ता असला
की तो आधीपासूनच दारात उभा असतो,
त्याला कुणी ओलांडायचं?
तुला कुणी पाहिलं : डिडशिवाय.
तू कुणाला पाहिलंस : डिडसकट.
रेबवार पेन बाहीला पुसतो, वस्तरा पुसावा तसं.
"सीमेवर मला दोन्ही विचारले होते.
मी दोन्हींना एकच उत्तर दिलं."
कुणी हसत नाही. मग रासा हसते,
मग सगळेच, जरा जास्तच वेळ.

चहानंतर 'हू'ची दुसरी नोकरी.
इथे तो विचारत नाही, सांधतो.
जो करतो, त्याचा 'हू' काढता येत नाही.
ज्याला कुणी भेटलं, ज्याला कुणी सोडलं,
त्याचा गाळला तरी चालतो,
वाक्य कुरकुरत नाही.
पुस्तकात उदाहरण दंतवैद्याचं आहे.
रासा म्हणते, "बिचारा."

मग लेतेब्रहानची वही.
मागच्या गुरुवारी तिने लिहिलं होतं :
माझा भाऊ जो हलमध्ये राहतो तो बस चालवतो.
मी सवयीने दोन लाल स्वल्पविराम दिले,
'जो'च्या आधी एक, 'राहतो'च्या पुढे एक.
आज ते नाहीत.
ब्लेडने खरवडलेत. कागद तिथे इतका पातळ
की मागच्या पानावरची बाजाराची यादी दिसते.

मी पुन्हा समजावते. विराम दिले
तर भाऊ एकच, बाकीचं जाता जाता सांगितलेलं.
विराम नसले तर भाऊ अनेक,
त्यांच्यातला हा, हलमधला.
"आणि तुला तर एकच.
प्रवेशाच्या फॉर्मवर तूच लिहिलंयस."

ती फळ्याकडे बघते, माझ्याकडे नाही.
"फॉर्मवर विचारलं होतं, भाऊ किती आहेत.
आहेत, टीचर.
मी नीट वाचलं होतं."

खाली दुसरी ओळ होती. मला ती दिसलीच नव्हती.
माझा भाऊ जो
आणि पुढे बोटभर कोरी जागा.
"इथे कुठला काळ घालू?"

एकवीस वर्षांत एकही पेटी
मी 'माहीत नाही' या रकान्यात टाकली नव्हती.
तसा रकानाच नव्हता.
मी लाल पेनाला टोपण लावलं.
खालून दिवे मालवत बॅरी वर येत होता.

घाईघाईत एवढंच सांगितलं :
पुढच्या गुरुवारी प्रश्न पोटात घेणारी वाक्यं.
तिथे कुणी कुणाला ओलांडत नाही,
डिडही लागत नाही.
'मला माहीत नाही' म्हटलं एकदा पुढे,
की 'तो कुठे आहे'
विधानासारखं सरळ उभं राहतं.

कोट चढवता चढवता, जिन्यात,
तिने ते हलक्या आवाजात म्हणून पाहिलं.
मी वरून ऐकत होते, सवयीने, चुकीसाठी.
सगळे शब्द
जागच्या जागी होते.